चाळीसगावच्या फलाटाचा फोटो

चाळीसगाव जंक्शनशी जोडलेल्या दोन गोष्टी महाराष्ट्रभर सांगितल्या जातात. एक बॅरिस्टरची, एक फोटोग्राफरची. दोन्हींत स्टेशन आहे, गाडी आहे आणि वाट पाहणं आहे. पण दोन्ही प्रसंगांचा फोटो माझ्या तरी पाहण्यात कधी आला नाही. खानदेशातल्या फलाटांवर कुणाचे फोटो निघाले, कुणाचे निघालेच नाहीत आणि कुणाचे त्यांना न विचारता निघाले, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. जरा लांबण लागेल, पण वाचा.

पहिली गोष्ट १९२९ची. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारने एक समिती नेमली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्या वाट्याला आले. धुळ्याकडच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करायला ते निघाले. चौकशी आटोपून थेट मुंबई गाठायचा त्यांचा बेत होता. पण चाळीसगावची महारवाड्यातली मंडळी स्टेशनवर आली आणि एक रात्र आमच्याकडे मुक्काम कराच म्हणाली. बाबासाहेब धुळ्याकडे जाऊन त्या गावाची चौकशी करून आले, चाळीसगावला उतरले. मंडळी फलाटावर हजर होतीच. हार घातले. महारवाडा तिथून जेमतेम दोन फर्लांग. बाहेर भाड्याचे टांगे उभे. आणि तरीही तासभर कुणी हलेना.

तासाभराने एक टांगा आला. बाबासाहेब बसले, बाकीचे लोक जवळच्या वाटेने पायी निघाले. टांगा हाकणाऱ्याला टांगा हाकता येत नव्हता, हे थोड्याच वेळात कळलं. आधी एका मोटारीशी धडक होता होता वाचली. मग नदीवरच्या फरशीवर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब खाली फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. कारण नंतर समजलं. स्टेशनवरचा एकही टांगेवाला महाराला घेऊन जायला तयार नव्हता. पाहुण्याने पायी यावं हे वस्तीला कमीपणाचं वाटत होतं. शेवटी तोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा तुमचा तुम्ही आणा.

त्या तासाभराचा फोटो असता तर त्यात काय दिसलं असतं बघा. गळ्यात हार असलेला, परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर फलाटावर उभा आहे. भोवती त्याचीच माणसं, ओशाळलेली, एकमेकांकडे बघणारी, खरं कारण तोंडावर न येऊ देणारी. आणि मागे टांग्यांची रांग. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातला असा फोटो दुसरा नसता. पण त्या फलाटावर कॅमेरा कुणाकडे असणार? बाबासाहेबांनी पुढे काही वर्षांनी तो प्रसंग स्वतः लिहून ठेवला, म्हणून आपल्याला कळला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे ते टिपण छापून आलं १९९०मध्ये. टांगेवाल्यांचा नकार, फरशीवरचे दगड, फर्लांगातलं अंतर, सगळं त्यात आहे. कॅमेऱ्याचं काम तिथे स्मरणशक्तीने केलं.

दुसरी गोष्ट नऊ-दहा वर्षांनंतरची. कैकुश्रू माणेकजी मूस, म्हणजे आपले केकी मूस. जन्म १९१२चा. मुंबईच्या पारशी घरातला मुलगा, विलायतेपर्यंत जाऊन कला शिकला आणि १९३८च्या सुमारास चाळीसगावच्या घरी परतला. स्टेशनजवळचं घर. त्यानंतर १९८९च्या ३१ डिसेंबरला त्यांचं निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं, ते त्या घरातून फारसे बाहेर पडलेच नाहीत. सांगतात ते असं की मुंबईहून निघताना प्रेयसीने शब्द दिला होता, एक दिवस पंजाब मेलने येईन. म्हणून रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला घराची दारं-खिडक्या उघडायची, दिवे लावायचे, जेवण मांडायचं, गाडी निघून गेली की एकट्याने जेवायचं. (पंजाब मेलची सुरुवातही १९१२चीच सांगतात. गाडी आणि तिची वाट पाहणारा, एका वर्षाचे.)

या गोष्टीत दंतकथा किती आणि खरं किती याची चिरफाड मी करणार नाही. चाळीसगावकरांना ती प्रिय आहे आणि ते ठीकच आहे. मला कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे. मूस यांचं नाव जगभर झालं ते टेबल-टॉप छायाचित्रणाने. टेबलावर साध्यासुध्या छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड-सावलीचा असा खेळ करायचा की बघणाऱ्याला वाटावं हा खराखुरा देखावा आहे, बर्फ पडलेलं गाव आहे, दूरवरची वाट आहे. शेकडो बक्षिसं मिळवणारा हा माणूस खानदेशातला सर्वांत मोठा फोटोग्राफर, आणि स्टेशन त्याच्या दारात. तरी त्यांच्या नावाशी जोडला गेलेला फलाट राहिला तो लोकांच्या तोंडच्या गोष्टीतच. जग घरात आणून टेबलावर मांडणं ही त्यांची निवड होती, कलावंताला तो हक्क आहे. पण १९३८ ते १९८९ या काळात चाळीसगावच्या फलाटावरून काय काय गेलं असेल! फाळणीनंतरचे निर्वासित गेले असतील, धुळे पॅसेंजरमधून उतरणारे बाजारकरू, मुंबईच्या गिरण्यांकडे निघालेली पोरं. ते टिपणारा दुसरा कुणी तिथे उभा नव्हता, ही हळहळ मला वाटते.

मग कॅमेरा होता कुठे? रेल्वेबरोबर तो पहिल्यापासून होता. मुंबई-ठाणे गाडी धावली १८५३ साली. त्यानंतर जीआयपी रेल्वेचं बोरघाटातलं काम घेतलेला ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये इथे आल्या आल्याच वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे चालवला. बाई हौशी फोटोग्राफर होती. बोगदे, पूल, भिंती यांचे तिने काढलेले फोटो आजही बघायला मिळतात. त्या घाटात एका वेळी चाळीस हजारांच्या आसपास मजूर राबत होते. फोटोंत ते आहेतही, पण मुंगीएवढे. पुलाची उंची कळावी म्हणून उभे केल्यासारखे. कोण कुठल्या गावचं, नाव काय, याची नोंद करायचं कुणाच्या मनात येणंही शक्य नव्हतं.

माणसांचे जवळून फोटो काढणारेही होते, पण त्यांचा हेतू निराळा होता. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या साहेबाने १८६०च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले. माणसं स्टुडिओत उभी करून फोटो घ्यायचा आणि मागे दुसरीकडचा देखावा चिकटवायचा, अशी त्याची रीत. मग सरकारनेच १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड छापले, त्यात चारशेच्या वर फोटो. फोटोखाली माणसाचं नाव नाही, जातीचं नाव. अमकी जमात शांत, तमकी चोरटी, असा शेरा. त्या शेऱ्यांच्या बैठकीत आपला खानदेश आधीपासूनच होता. भिल्लांना ‘वठणीवर आणायला’ जेम्स आउट्रमने खानदेश भिल्ल कोअर १८२५ सालीच उभी केली होती, धरणगावला. कोण सरळ आणि कोण संशयित, ही यादी कॅमेरा येण्याच्या आधीच तयार होती. कॅमेऱ्याने तिला चेहरे पुरवले.

फलाटावर हे सगळं एकत्र आलं ते प्लेगमध्ये. १८९६ला मुंबईत साथ आली, १८९७ला साथीच्या रोगांचा कायदा आला आणि स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून तपासणं सुरू झालं. काखेत, जांघेत गाठ आहे का ते बघायचं, तेही चारचौघांत. बायकांच्या तपासणीवरून तेव्हा केवढा संताप झाला होता, ते त्या काळची वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना माहीत आहे. प्लेगच्या कामाचे अल्बमही सरकारी अधिकाऱ्यांनी बनवले, आणि रेल्वे प्रवाशांची तपासणी हा त्यांतला एक विषय. ओळीने उभी माणसं, समोर डॉक्टर, बाजूला शिपाई. त्यांतल्या कुणाला विचारलं असेल की बाबा, तुझा फोटो काढू का? प्रश्नच हास्यास्पद वाटतो ना? तो हास्यास्पद वाटतो यातच सगळं आलं.

याच सुमारास, १९००च्या आसपास, मद्रासच्या रेल्वे पोलिसांतले एक अधिकारी पाऊपा राव नायडू यांनी रेल्वेतल्या चोरांचा इतिहास नावाचं एक पुस्तक लिहिलं, चित्रांसकट. चोऱ्या कशा होतात यापेक्षा कुठल्या जमाती चोऱ्या करतात यावर भर. आपल्याकडच्या भामटा समाजाचं नाव अशा पुस्तकांतून आणि पोलीस-नोंदींतून रेल्वेशी कायमचं चिकटवलं गेलं. मराठीत ‘भामटा’ ही शिवी आपण किती सहज वापरतो! एका समाजाचं नाव आहे ते. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ला आला आणि १९५२ला गेला. पण फलाटावर ‘खिसेकापूंपासून सावध’ असा बोर्ड आणि त्यावर पासपोर्ट साइझचे दहा-बारा काळे-पांढरे चेहरे, हे दृश्य त्यानंतरही कितीतरी वर्षं आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या बोर्डावरच्या माणसावर गुन्हा शाबीत झाला होता का, शिक्षा भोगून तो सुटला होता का, हे कधी कुणी वाचलं? एखाद्या स्टेशनवर गरीब माणसाचा एकमेव जाहीर फोटो असायचा तो तिथे.

मोठ्या माणसांचं तसं नव्हतं. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू, सजावट नंदलाल बोसांची, स्वागताला धनाजी नाना चौधरी. फोटो निघाले, छापले गेले, आजही बघायला मिळतात. पुढारी ओळखू येतात. मागे गर्दी असते, आणि फोटोखालच्या ओळीतही ती नुसती ‘गर्दी’च असते.

गांधींची इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या पुतण्याच्या मुलाला, कनु गांधींना, आश्रमात फोटो काढायची परवानगी मिळाली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, असं उभे राहा तसं बसा म्हणायचं नाही, आणि आश्रमाकडे पैसे मागायचे नाहीत. कॅमेऱ्यासाठी शंभर रुपये घनश्यामदास बिर्लांनी दिले. त्याच कनु गांधींचा तो प्रसिद्ध फोटो आहे. गाडीच्या खिडकीतून गांधींनी हात बाहेर पसरलाय, हरिजन फंडासाठी, आणि फलाटावरची माणसं त्या हातात पैसे टाकताहेत. देशातला बहुधा सर्वांत जास्त फोटो निघालेला माणूस कॅमेऱ्याला अटी घालू शकत होता. आता हेच फलाटावर टोपलीत पेरू घेऊन बसलेल्या बाईने करून बघावं.

ती बाई अट घालतेच म्हणा. खानदेशात कुठल्याही स्टेशनवर मोबाईल समोर धरा, पहिला प्रश्न येतो, “मना फोटू काबर काढी ऱ्हायना भाऊ?” हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं वाचावं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले लोक गावात आले होते. त्या उन्हाळ्यात देशभर मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ फिरत होते. त्यांतला सर्वांत जास्त फिरलेला व्हिडिओ मुळात कराचीतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेल्या जाहिरातीचा होता. शेवटी मूल परत आणून सोडतात तो भाग कुणीतरी कापून टाकला आणि उरलेला तुकडा ‘आपल्या भागात टोळी आलीय’ म्हणून पाठवला. राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. आणि त्या मारहाणीचेही व्हिडिओ निघाले. म्हणजे बघा, खोट्या व्हिडिओने माणसं मारली आणि मारणाऱ्यांच्या गर्दीत परत मोबाईल वर धरलेलेच होते.

१८७१च्या कायद्याने आणि त्या आठ खंडांनी जे शिकवलं, की भटका दिसला म्हणजे संशयित दिसला, ते दीडशे वर्षांनी साक्री तालुक्यात आपल्या खिशातल्या फोनवर जिवंत होतं. फरक एवढाच की आता शेरा लिहायला साहेब लागत नाही. फलाटावर झोपलेल्या एखाद्या अनोळखी बाईचा, तिच्या कुशीतल्या गोऱ्या मुलाचा फोटो काढायचा, ‘हे मूल हिचं वाटत नाही, शेअर करा’ असं लिहायचं, झालं. आपल्यातलेच सुशिक्षित लोक हे करतात. बरं, हेतूही चांगला असतो त्यांचा! मूल खरंच संकटात आहे असं वाटत असेल तर स्टेशनवरच्या आरपीएफला सांगा, १०९८ वर फोन करा. ग्रुपवर टाकू नका. एका फोटोची किंमत काय असू शकते हे धुळे जिल्ह्यातल्या माणसाला तरी समजावून सांगायला लागू नये.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर वाटेल मी कॅमेराच बंद करा म्हणतोय.

८ मे २०२०, लॉकडाऊन. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रेल्वेमार्गाने पायी निघाले होते. त्यांना पोहोचायचं होतं भुसावळला. तिथून श्रमिक गाडी मिळेल अशी आशा होती. दमून करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडी आली. १६ जण गेले. दुसऱ्या दिवशी देशाने जो फोटो पाहिला त्यात एकाही मृताचा चेहरा नव्हता. रूळ होता, खडी होती आणि विखुरलेल्या पोळ्या होत्या. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला महाराष्ट्रातला सर्वांत महत्त्वाचा फोटो तो. कुणाचीही अब्रू त्याने घेतली नाही आणि काहीही लपवलं नाही. तो फोटो निघाला नसता तर ‘रुळांवर झोपले कशाला’ एवढंच बोलून आपण मोकळे झालो असतो. (झालेही काही जण.)

आणि मग २२ जानेवारी २०२५. पाचोरा तालुका, माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या मधली जागा. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, लोक घाबरून शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसं गेली, त्यांत नेपाळचेही होते. त्या संध्याकाळी जळगाव जिल्ह्यातल्या किती ग्रुपवर काय काय येऊन पडलं ते आठवा. छिन्नविछिन्न देह, जवळून, चेहऱ्यासकट. त्यांतल्या कुणाच्या घरच्यांना ती बातमी तशा फोटोतून कळली असेल तर? करमाडच्या पोळ्या आणि परधाड्याचे ते व्हिडिओ, दोन्ही आपल्याच रेल्वेमार्गांवरचे, पाच वर्षांच्या अंतराने. पहिल्यात फोटो काढणाऱ्याला कळत होतं की आपण काय दाखवतोय आणि कुणासाठी. दुसऱ्यात हात आपोआप वर गेले होते.

कायद्याचं म्हणाल तर लोकांच्या मनात अर्धवट भीती आहे. ‘स्टेशनवर फोटो काढणं गुन्हा आहे’ असं सर्रास सांगतात. १९२३च्या शासकीय गुपितांच्या कायद्यात रेल्वेचा उल्लेख आहे, पण तो असा की केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केली तरच ती रेल्वे ‘प्रतिबंधित जागा’ ठरते. रुळांवर उतरून रील बनवणं हा मात्र अतिक्रमणाचा गुन्हा आहे, १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद. सिनेमा-जाहिरातीच्या शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. या सगळ्यात रेल्वेची काळजी आहे, पुलाची आहे, सिग्नलची आहे. बाकावर बसलेल्या माणसाची काळजी या नियमांत कुठे दिसत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ला सांगितलं खरं, पण तो निकाल फलाट क्रमांक चारवर झोपलेल्या हमालापर्यंत कसा पोहोचवायचा?

त्या हमालाचंच घ्या. २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्याचं नाव ‘सहायक’ झालं. लाल शर्ट, दंडावर बिल्ला. भुसावळ जंक्शनवर आणि जळगावला पिढ्यान्पिढ्या हे काम करणारी घरं आहेत. चाकांच्या बॅगा आल्या, सरकते जिने आले, काम सुटत चाललंय. अशा माणसाचा कामावरचा एक तरी चांगला फोटो त्याच्या घरात असतो का? बहुतेक घरांत असतो तो ओळखपत्रावरचा, पोलीस पडताळणीसाठी काढलेला. १९९५मध्ये रघू राय आणि सेबॅस्तिआओ साल्गादो या दोघांनीही मुंबईच्या चर्चगेट स्टेशनवर गर्दीचे फोटो काढले, धुरासारखी वाहणारी माणसं. जगभर गाजले. फार सुंदर आहेत, कबूल. पण मुंबईच्या गर्दीला निदान एवढं तरी मिळालं. जळगाव-भुसावळच्या वाट्याला तेही नाही. इथे गर्दी वाहत नाही हो, इथे ती बसून असते. गाठोडं उशाला घेऊन, डबा उघडून, कळण्याची भाकरी आणि ठेचा. पॅसेंजर चार तास लेट म्हणून.

आणि हे आता वेगाने पुसलं जातंय. पाचोरा-जामनेर पीजे घ्या. सुमारे ५६ किलोमीटरची अडीच फुटी रुंदीची लाइन, शंभर वर्षं चालली, मार्च २०२०च्या लॉकडाऊनला थांबली ती थांबलीच. आता तिथे मोठी लाइन होणार आहे, चांगलंच आहे, जामनेरकरांना ती हवीच आहे. पण पीजेचे जे फोटो इंटरनेटवर सापडतात ते बहुतेक इंजिनाचे आणि डब्यांचे, लांबून आलेल्या रेल्वेप्रेमींनी काढलेले. त्यांचे उपकारच आहेत. आत बसलेल्या शेंदुर्णीच्या, पहूरच्या बाजारकरणी त्यात शोधाव्या लागतात. तसंच धुळ्याचं. जीआयपीची मुख्य लाइन धुळ्याला वळसा घालून चाळीसगाव-जळगाव-भुसावळ गेली, म्हणून पश्चिम खानदेशचं मुख्य ठिकाण असूनही धुळ्याला मिळाली ती १९००च्या सुमारास एक फांदी, तीही धुळ्यालाच संपणारी. त्या फांदीवरच्या गाडीतूनच बाबासाहेब चाळीसगावला परतले होते. धुळे आणि सावदा ही दोन्ही स्टेशनं अमृत भारत योजनेत नवी झाली, २२ मे २०२५ला त्यांचं उद्घाटन झालं. नव्या कमानी, नवे रंग. सावदा म्हणजे केळीच्या वॅगनी भरण्याचं स्टेशन. पाठीवर केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांचे जुने फोटो कुणी जमवलेत का? उद्घाटनाचे फोटो भरपूर आहेत, ते मला मिळाले.

म्हणून एक विनंती. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घराघरांत जुने अल्बम आहेत. त्यात फलाटावरचे फोटो असणारच. पोरगा सैन्यात निघाला, मुलगी सासरी निघाली, मामा दुबईला निघाले, पंढरपूरला मंडळी निघाली, असे. ते काढा आणि आपल्या माणसांच्या मागे काय आहे ते बघा. मागे पाण्याची माठवाली टपरी असेल, पुस्तकांचा गाडा असेल, वजनकाटा असेल, स्टेशनच्या नावाची पाटी तीन भाषांत असेल, एखादा हमाल असेल, चहावाला कॅमेऱ्याकडे बघत असेल. आपल्या मामांसाठी काढलेल्या फोटोत तो फुकट आलाय आणि बहुधा त्याच्या आयुष्यातला तेवढाच एक फोटो असेल. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, हा कोण? भुसावळ-अमळनेरसारख्या गावांत अजून सांगणारी माणसं आहेत. नाव कळलं तर फोटोच्या मागे पेन्सिलने लिहा, साल लिहा, स्टेशन लिहा. शाईने नको, ती पुढच्या बाजूला उमटते.

नवे फोटो काढणाऱ्या पोरांनाही हेच सांगणं आहे, आणि चांगले फोटो काढणारी पोरं आपल्याकडे आहेत. आधी दोन शब्द बोला. नाही म्हटलं तर राहू द्या. हो म्हटलं तर नाव विचारा, गाव विचारा, आणि शक्य असेल तर पुढच्या खेपेला एक कागदावरची प्रत नेऊन द्या. स्टेशनाबाहेरच्या कुठल्याही स्टुडिओत पाच-दहा मिनिटांत निघते, चहाएवढा खर्च. “काबर काढी ऱ्हायना?” या प्रश्नाला तेव्हा उत्तर देता येतं. लहान मुलांचे, झोपलेल्यांचे, भीक मागणाऱ्यांचे चेहरे नकोतच. अपघाताच्या जागी फोन खिशात ठेवून आधी हात द्या. पुरावा म्हणून फोटो घ्यावाच लागला तर पोलिसांना द्या, ग्रुपला नको.

पीजेवरच्या माणसांचे, म्हणजे गार्ड, गेटमन, पॉइंट्समन, दूधवाले, बाजारकरणी, शाळेची पोरं, यांचे फोटो कुणाकडे असतील तर मला जरूर कळवा. त्यांतली माणसं किंवा त्यांच्या घरचे हयात असतील तर आधी त्यांना विचारून. धुळे-चाळीसगाव पॅसेंजरचे असतील तर तेही. आणि चाळीसगाव स्टेशनबाहेरच्या टांग्यांचा १९३० सालच्या आसपासचा एखादा फोटो कुणाच्या आजोबांच्या पेटीत निघालाच, तर तो लगेच स्कॅन करून घ्या, मूळ प्रत जपून ठेवा आणि मला फोन करा, रात्री कितीही वाजलेले असू देत.